एक वळण पुढे

पैज लागली ती कचराकुंडीपाशी. रायालांपी या फिनिश वस्तीत पैज लागायला दुसरी जागाच नाही. रांगेतली आठ घरं, मधे एक अंगण, अंगणाच्या टोकाला कचऱ्याच्या पेट्यांची शेड. माणसं एकमेकांना भेटतात ती तिथेच, आणि तीही चुकून. पिशवी हातात घ्यायची, पडद्याच्या फटीतून बघायचं, अंगण रिकामं दिसलं की निघायचं, अशी तिथली रीत. शेजाऱ्याचा मान राखायचा तर त्याच्या वाटेत यायचं नाही. तार्मो किन्नारी या कलेतला उस्ताद. दोन हिवाळे त्याने कोणाला धड तोंड दाखवलं नव्हतं.

पण भिंतीला भिंत लागून राहणारा ओइवा राउतिओ म्हणजे उस्तादांचा बाप. त्या दिवशी तो शेडच्या आत, पुठ्ठ्याच्या पेटीमागे, कॉफीचा थर्मास घेऊन दबा धरून बसला होता.

"सापडला!"

तार्मोच्या हातातली पिशवी सुटली. बटाट्याची सालं वितळत्या बर्फाच्या चिखलात पसरली.

"लाज वाटते का रे, ओइवा? साठी उलटली तुझी."

"म्हणून तर बसून दबा धरला. उभ्याने गुडघे दुखतात." ओइवा सालं गोळा करायला वाकला. "काल तुझं फावडं परत द्यायला आलो आणि तू आतूनच 'ठेव' म्हणालास ना, तेव्हा बूट काढायला दारातल्या खोक्यावर टेकलो. आता बूड माझं असलं तरी डोळेही माझेच आहेत. त्या खोक्यावर काय लिहिलंय, वाचलंस कधी?"

"माहितीये मला."

"रॅलीचं स्टिअरिंग आहे ते! गेममध्ये लावायचं. आणि साधं नाही हां, फोर्स फीडबॅकवालं. चाक खड्ड्यात गेलं की इथे हातात दणका बसतो. दोन वर्षं तू त्याचा पाट करून ठेवलायस!"

"बसायला बरं आहे."

"जोड की मग."

"चालवणार कोण?"

"तू! अजून कोण?"

"मी चालवत नाही," तार्मो म्हणाला. "मी वाचतो."

"वाचतोस? कोणाला? फ्रिजला?"

तार्मोने सालं पिशवीत कोंबली. ओइवाची जीभ ही अशीच; आधी सुटायची, मग त्याला कळायचं. पण कळल्यावर थांबेल तो ओइवा कसला.

आता हे वाचणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. जगात नवरा गाडी चालवतो आणि बायको शेजारी बसून 'हळू, हळू' करते. किन्नारींच्या घरात उलटं होतं. एइला चालवायची. जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर, जिथे शहाणा माणूस सायकलही जपून नेतो, तिथे ती जुनी लाल गाडी आडवी घालत न्यायची. आणि शेजारच्या, म्हणजे तिकडे उजव्या, सीटवर तार्मो, मांडीवर वळणांच्या नोट्सचा कागद, मान खाली, तोंड चालू. डावं पाच, ऐंशी, उजवं तीन आवळतं, माथा, पाय काढू नको. म्हणजे वळणाची बाजू, ते किती तीव्र त्याचा आकडा, पुढची सरळ वाट किती मीटर, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा की नाही. क्लबच्या रॅलींमध्ये बावीस वर्षं. घरात हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा, त्यातले निम्मे मांजराशी. गाडीत बसला की धबधबा. बायकोशी जे काय आयुष्यभर बोलला, ते सगळं हेल्मेट घालून.

मग एइला आजारी पडली. डॉक्टरांनी गाडी बंद केली. तिने पलंगावर पडल्या पडल्या ते स्टिअरिंग मागवलं आणि म्हणाली, "घरात बसून चालवीन. तू वाच." खोकं पोस्टाने आलं तेव्हा घेणारी नव्हती.

तेव्हापासून तार्मोने वळणाचा एक शब्दही तोंडातून काढला नव्हता. इतर शब्दही बेताचेच.

"ऐक," ओइवा म्हणाला. "मेमधल्या सफाईच्या दिवसापर्यंत मुदत. गेममधली एक स्टेज, सुरुवातीपासून फिनिशपर्यंत, गाडी न फोडता. माझ्या डोळ्यांदेखत. जमलं तर मी हरलो."

"आणि हरलास की?"

"हरणाऱ्याने खडीच्या ढकलगाडीत बसायचं. डोक्यावर हेल्मेट. जिंकणारा ढकलणार, अख्ख्या अंगणातून. आणि बसणाऱ्याने नोट्स वाचायच्या. मोठ्याने! सगळ्यांसमोर!"

तार्मोने पिशवी पेटीत टाकली. ढकलगाडी चालेल. हेल्मेटही चालेल. पण ते मोठ्याने वाचणं? ज्या कानांसाठी होतं ते कान गेले. आता ते अंगणात ओरडून सांगायचं, आठ घरांना, सफाईच्या दिवशीचे सॉसेज खाता खाता ऐकायला?

"नाही," तो म्हणाला आणि वळला.

"वाटलंच होतं," मागून ओइवा. "लोक म्हणायचे ते खरं. गाडी एइलाची, हिंमत एइलाची. तू नुसतं सत्तर किलोचं वजन. उजवी बाजू हलकी पडू नये म्हणून ठेवलेलं."

तार्मो थांबला. नेमकी त्याच वेळी हिल्क्का पुठ्ठे घेऊन आली. हिल्क्का म्हणजे सोसायटीची अध्यक्षबाई. तिच्या कानावर पडलं की ते सभेच्या मिनिट्समध्ये गेलंच म्हणून समजा.

"कसलं वजन?" तिने विचारलं.

"पैज लागलीये," तार्मो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला.

*

खोकं उघडायला त्याने दोन दिवस घेतले. उघडलं, तर आत एइलाच्या पसंतीचं सगळं: काळं स्टिअरिंग, तीन पेडलं, हातब्रेकची दांडी, टीव्हीला लावायचा गेमचा डबा, आणि वायरींचं असं गुंतवळ की जाळ्यात सापडलेल्या ईल माशांची आठवण यावी. स्टिअरिंगला खाली दोन शिकंजे होते, टेबलाच्या कडेला आवळायचे. टेबल कुठलं, ते तेवढं लिहिलं नव्हतं.

तार्मोने इस्त्रीचं टेबल घेतलं. उंची बरोबर, रुंदी बरोबर, घडीही होते. शिकंजे आवळले, टीव्हीला गेमचा डबा जोडला, वायर लावली आणि बटण दाबलं.

स्टिअरिंग आपोआप फिरलं. आधी डावीकडे, पार शेवटपर्यंत. मग उजवीकडे, पार शेवटपर्यंत. इस्त्रीच्या टेबलाने एवढं कधी सोसलं नव्हतं. त्याचे पाय दुमडले आणि सगळा संसार तार्मोच्या मांडीवर येऊन पडला.

भिंतीपलीकडून ओइवा ओरडला, "झाली का रे पहिली पलटी?"

मग स्वयंपाकघरातलं टेबल. ते पडलं नाही, पण चालायला लागलं. उजवीकडे वळण घेतलं की टेबल डावीकडे सरकायचं. एक स्टेज अर्धी होईस्तोवर ते फ्रिजपाशी पोचलं आणि कॉफीचा कप फरशीवर. पेडलं त्याहून द्वाड. ब्रेक मारला की सुळकन पुढे, आणि तार्मोचा पाय हवेत.

घरात जड वस्तू एकच होती. मागच्या खोलीतला माग.

एइला त्यावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. जुन्या चादरी, शर्ट फाडून पट्ट्या करायच्या आणि ठोकत बसायचं. माग तिच्या आजीचा, बर्चच्या लाकडाचा, खोलीभर पसरलेला. त्याला हलवायचं तर घर पाडावं लागलं असतं. त्यावर अजून अर्धी सतरंजी चढवलेली होती. शेवटच्या पट्ट्या निळ्या. तार्मोने त्या निळ्याला हात लावून बघितला आणि ओळखलं. त्याचाच रॅलीचा जुना सूट, फाडून.

सतरंजीला धक्का न लावता त्याने पुढच्या तुळईला शिकंजे आवळले. पेडलं मागाच्या पावड्यांना, म्हणजे पायाने दाबायच्या दांड्यांना, टेकवून ठेवली. आता ब्रेक कितीही मारा, जाणार कुठे? टीव्ही समोर खुर्चीवर. आणि बसायला तिची फळी, मागाचीच, मधोमध झिजलेली. सीट कसली, सिंहासन.

बटण दाबलं. स्टिअरिंग फिरलं. पार डावीकडे, पार उजवीकडे, मग मधोमध येऊन थांबलं. या वेळी काही पडलं नाही, म्हणून त्याने ते नीट बघितलं.

बघितलं आणि बसून राहिला.

एइलाचं अगदी असंच होतं. स्टार्टच्या रेषेवर गाडी उभी, सेकंद मोजणारा माणूस बोटं दाखवतोय, आणि ही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग मधोमध. "हात मोकळे करते," म्हणायची. तो कागदावरून मान न उचलता ते ऐकायचा. स्टिअरिंगचा तो घसटता आवाज म्हणजे आता निघायचं.

तार्मोने बटण बंद केलं. परत दाबलं. डावीकडे, उजवीकडे, मधोमध. परत बंद. परत चालू. त्या संध्याकाळी त्याने एकही स्टेज चालवली नाही. बाहेर उजेड होता, तळ्यावरचा बर्फ कुरकुरत होता, आणि मागच्या खोलीत एक रिकामं स्टिअरिंग पुन्हा पुन्हा हात मोकळे करत होतं.

*

दुसऱ्या दिवशी ओइवा बघायला आला. बूट काढायला खोकं नव्हतं म्हणून त्याने आधी त्यावरून कुरकुर केली.

"दणक्याचा जोर किती ठेवलायस?"

"शंभर."

"शंभरपैकी?"

"खरी गाडी जड असते," तार्मो म्हणाला.

ओइवा फळीवर बसला, पहिल्याच वळणावर झाडाला धडकला, आणि स्टिअरिंगने त्याचं मनगट असं पिरगाळलं की तो फिनिश भाषेतल्या निवडक शिव्या देत उठला. "हे स्टिअरिंग आहे का माझी सासू! काही कळतच नाही. खडा आला तरी दणका, दगड आला तरी दणका, नुसता रस्ता आला तरी दणका!"

तो गेल्यावर तार्मो विचार करत बसला. हात त्याचेही भरून आले होते, आणि कळत त्यालाही काही नव्हतं. समोर मागाचे ताणलेले धागे होते. त्याने सवयीने त्यांवर बोट फिरवलं. एइला नवा ताणा चढवला की असंच बोट फिरवायची आणि जरा सैल करायची. "फार ताणलं की सूत मुकं होतं," म्हणायची. "हाताला मग काही सांगत नाही."

त्याने जोर कमी केला. ऐंशी. साठ. चाळिसाच्या खाली आला तेव्हा स्टिअरिंग बोलायला लागलं. आधी नुसती कुजबुज: बारीक खडी. मग चाकाखाली पाण्याने धुपलेली वाट आल्यावर एक थरथर. वळणात मागचं चाक सुटायच्या जरासं आधी हातातलं वजन एकदम हलकं व्हायचं, पायरी चुकल्यासारखं. बावीस वर्षं हे सगळं त्याने बुडाने ओळखलं होतं. वाचणाऱ्याला, म्हणजे नॅव्हिगेटरला, रस्ता दिसत नाही, सीटमधून कळतो. हे तिला हातात कळायचं तर. एकाच रस्त्याचे दोघांना दोन निरोप.

पण निरोप कळून गाडी चालत नाही. गाडी झाडांवरच जात होती.

आणि झाडंही कशी? बरोबर वळणाच्या अलीकडची. गेममधल्या नॅव्हिगेटरने, म्हणजे कोणातरी इस्त्री केल्यासारख्या आवाजाच्या पोऱ्याने, "डावं तीन" म्हटलं की तार्मोचे हात तिथल्या तिथे डावीकडे. वळण अजून पुढे. गाडी थेट बर्चमध्ये. परत. "उजवं चार." हात उजवीकडे. खंदक. ढकलगाडी डोळ्यांसमोर नाचायला लागली.

चार दिवस त्याला चूक सापडली नाही. पाचव्या दिवशी बटाटे सोलताना सापडली. सोलत होता एक बटाटा, डोळे होते पुढच्यावर, आणि सुरी बोटात.

वाचणारा माणूस नेहमी एक वळण पुढे असतो. गाडी या वळणात असते तेव्हा त्याने पुढचं सांगायचं असतं. तार्मो बावीस वर्षं असाच जगला होता. ज्या वळणात गाडी आहे त्या वळणात तो कधी नव्हताच. ते एइलाचं काम. तो पुढे, ती इथे. असा त्यांचा संसार. आणि आता इथे कोणीच नव्हतं.

मग ती कशी थांबायची? ऐकलेलं वळण येईपर्यंत ती ते ठेवायची कुठे?

तो रक्ताळलेलं बोट तोंडात घालून उभा राहिला आणि त्याला ते ऐकू आलं.

"हं."

एवढंच. तो म्हणायचा, "डावं तीन, आवळतं." ती म्हणायची, "हं." मग तो पुढचं सांगायचा. हेल्मेटमधल्या माइकमधून सगळी स्टेजभर तिचं हं-हं चालायचं. त्याला वाटायचं, ते त्याच्यासाठी आहे: ऐकलं, पुढे बोल. त्याच्यासाठी होतंच. पण तिच्यासाठीही होतं. हं म्हणजे खिशात टाकलं. वळण समोर आलं की काढीन.

तो मागच्या खोलीत गेला, फळीवर बसला. पोऱ्या म्हणाला, "डावं तीन."

"हं," तार्मो म्हणाला.

वाट बघितली. वळण आलं. मग हात फिरवले. गाडी वळली, जणू तिच्या मनातच होतं.

"उजवं चार, लांब."

"हं."

भिंतीपलीकडे ओइवाला तो आठवडाभर फक्त हं ऐकू येत राहिलं. तो बायकोला म्हणाला, एकतर तार्मोला कोणीतरी भेटलंय, नाहीतर डोकं तरी गेलंय. यातली एकही गोष्ट त्या घरात आजवर घडली नव्हती.

तार्मोला मात्र त्या हंमध्ये बसून एक नवंच काहीतरी कळत होतं. अंधाऱ्या झाडांमधून रस्ता अंगावर येत असताना कोणीतरी शेजारून शांतपणे पुढचं सांगत राहणं, हे किती मोठं असतं. तो वजन नव्हता. हे त्याला आता कळलं, चुकीच्या सीटवर बसल्यावर. आणि ते जिला विचारून खात्री करावी, ती नव्हती.

*

सफाईचा शनिवार उजाडला. हिवाळाभर कोणी घसरू नये म्हणून अंगणात टाकलेली खडी बर्फ गेल्यावर झाडून काढायची, हे त्या दिवसाचं मुख्य काम. सगळी घरं झाडू-खराटे घेऊन बाहेर आली होती. शेजाऱ्याला वर्षातून एकदा 'बरं आहे ना' विचारायचा हा दिवस. विचारायचं आणि उत्तर यायच्या आत खाली बघून झाडायला लागायचं. हिल्क्काने अंगणातल्या उंचवट्यामागच्या तिच्या ट्युलिपच्या वाफ्याभोवती दोरी बांधून ठेवली होती.

ओइवाने ढकलगाडीच्या चाकाला तेल घातलं, तिच्या बाजूला पांढऱ्या रंगाने रॅलीच्या गाडीसारखा सात नंबर काढला, आणि हिल्क्काला घेऊन तार्मोच्या मागच्या खोलीत आला. दोघंही मोज्यांवर, हात मागे बांधून, देवळात आल्यासारखे उभे राहिले.

"मागावर?" हिल्क्का कुजबुजली. "हे एइलाचं..."

"श्श," ओइवा म्हणाला.

बटण. डावीकडे, उजवीकडे, मधोमध. तार्मो निघाला.

आणि काय निघाला! "डावं पाच, ऐंशी." "हं." "उजवं तीन, आवळतं." "हं." खडी उडत होती, बर्च मागे पळत होते, आणि साठीचा हा माणूस मागाच्या फळीवर बसून हात असे चालवत होता की हिल्क्का नकळत बाजूला झुकत होती. पहिल्या वळणानंतर ओइवाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अर्ध्या स्टेजनंतर ते परत आलं, पण ते दुसरंच होतं. ढकलगाडीत बसायची त्याने मनाची तयारी केली असावी. हेल्मेटमध्ये आपलं डोकं मावेल का, एवढीच चिंता उरली होती.

शेवटचा चढ आला. माथ्यापलीकडे फिनिशचा बोर्ड, त्याचं वरचं टोक दिसायला लागलं होतं.

"माथा, सावध," पोऱ्या म्हणाला. "पाय काढ."

"पाय काढू नको!" तार्मो गरजला.

खोलीतले धागे थरथरले. तो कोणाला ओरडला हे त्यालाही कळलं नाही. असल्या माथ्यावर त्याने एइलाला कधीच पाय काढू दिला नव्हता. तिने कधी काढला नव्हता. आता पाय त्याचाच होता. त्या पायाने मुकाट्याने ऐकलं. गाडी माथ्यावरून सुटली, चारही चाकं हवेत, आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच नसल्यासारखं. गाडी हवेत असताना नॅव्हिगेटरने करायचं ते काम एकच: मान खाली घालायची आणि पुढची ओळ वाचायची.

तार्मोने मान खाली घातली.

मांडीवर कागद नव्हता. निळ्या पट्ट्यांची अर्धी सतरंजी होती.

वर आवाज झाला. त्याने बघितलं तेव्हा गाडी एका बर्चभोवती गुंडाळलेली होती, आणि काच फुटलेल्या पडद्यात फिनिशचा बोर्ड इतका जवळ होता की हात लांबवून शिवावा.

मग ओइवा खाकरला. "अरे, ते... माथ्यावर कोणाचंही जातं. पैजबिज काय, मी आपली गंमत..."

"पैज म्हणजे पैज," तार्मो म्हणाला. तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला. खुंटीवर दोन हेल्मेटं शेजारी शेजारी टांगलेली होती. त्याने स्वतःचं काढलं. दुसरं हललं आणि थांबलं.

*

अंगणातले खराटे थांबले. तार्मो किन्नारी, दोन वर्षांत ज्याची फक्त पाठ दिसली होती, तो हेल्मेट घालून सात नंबरच्या ढकलगाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. हेल्मेटमधून माइकची वायर निघाली होती. पूर्वी ती गाडीत एइलाच्या वायरला जोडलेली असायची. आता तिचं टोक बाहेर लोंबत होतं, खडीला शिवत.

ओइवाने ते बघितलं. काही न बोलता वाकला, टोक उचललं आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातलं.

"निघायचं?"

"आधी एकदा डावीकडे हलव," तार्मो म्हणाला. "मग उजवीकडे. मग मधोमध."

"हे काय आता?"

"हात मोकळे कर."

ओइवाने ढकलगाडी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. तार्मो पडता पडता वाचला. लोक हसले. सॉसेज भाजणाऱ्या माणसाने चिमटा वर केला आणि खाली आणला: स्टार्ट.

ढकलगाडी खडीवरून खडखडत निघाली. तार्मोने तोंड उघडलं. सगळं अंगण बघत होतं. फिन लोकांना एवढं कोणी बघत असलं की मरण येतं. याला तर दोनदा आलं.

"वाच की रे!" मागून ओइवा, धापा टाकत. "मला पुढचं काही दिसत नाही, तुझं डोकं आडवं आलंय!"

"डावं तीन," तार्मो म्हणाला. स्वतःलाच ऐकू येईल एवढंच.

"फ्रिजला सांगतोयस का?"

"डावं तीन!" आता शेवटच्या घरापर्यंत गेलं. "खांबापाशी! आत कापू नको!"

ओइवा वळायला लागला. तिथल्या तिथे, खांबाच्या अलीकडेच. तार्मोने दोन्ही हातांनी ढकलगाडीच्या कडा धरल्या.

"थांब! ऐकलंस की नाही?"

"ऐकलं की! म्हणून तर वळतोय!"

"ऐकलं तर हं म्हणायचं. म्हणायचं आणि वळण येईपर्यंत थांबायचं. त्याशिवाय मी पुढचं सांगत नाही."

ओइवा थांबला. त्याच्या जिभेवर नक्कीच काहीतरी होतं. त्याच्या जिभेवर नेहमीच असायचं. खराट्यावर हनुवटी टेकून उभी असलेली हिल्क्का त्याच्याकडे रोखून बघत होती. आठवडाभर भिंतीतून ऐकलेलं ते काय होतं, ते त्याला तेव्हा कळलं असावं.

"हं," ओइवा म्हणाला.

ते हं ते नव्हतं. जाड होतं, तंबाखूचं होतं, मागून येत होतं. ते डावीकडून, कानाच्या आत यायला हवं होतं. पण हं झालं की पुढचं वाचायचं असतं. तार्मोला दुसरं काही येतच नव्हतं. त्याने रिकाम्या मांडीकडे मान खाली घातली.

"उजवं पाच, तीस, सॉसेजच्या शेगडीला वळसा."

"हं."

"चढ. माथा. त्यापुढे ट्युलिप."

"हं. आणि माथ्यावर?"

हिल्क्का खराटा टाकून वाफ्याकडे धावत सुटली.

"पाय काढू नको," तार्मो म्हणाला.